दूरचे दिवे

आगगाडीचे रूळ दूर जाता जाता एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. डोळ्यांची हीच फसगत हाताशी धरून जर्मन नेपथ्यकार रोकुस ग्लीझे यांनी पडद्यावर एक विशाल शहर उभे केले. बर्लिनमध्ये १८९१ साली जन्मलेले हे कलावंत दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्यासाठी अमेरिकेस गेले आणि 'सनराइज' (१९२७) या मूकपटाचे नेपथ्य त्यांनी रचले. त्यातील जमीन मागे जाताना किंचित चढत गेली आहे. छताला टांगलेले दिवे पुढे मोठे, मागे लहान आहेत. इतकेच काय, दूरच्या गच्चीवर ठेंगणी माणसे मुद्दाम ठेविली होती! मला तरी हे शहर खऱ्या शहराहून प्रशस्त वाटले.

पहिल्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्यांचे नाव पुढे आले. मान मात्र दुसऱ्याला मिळाला. मायदेशी परतल्यावर पुढे त्यांनी रंगभूमीची दीर्घकाळ सेवा केली. पण नाटकाचे प्रयोग संपले, की त्याच्या भिंतीही मोडतात. १९७८ साली ग्लीझे निवर्तले. त्यांची नाटके पाहणे आता मला शक्य नाही. मूकपटातले ते लहान दिवे तेवढे मी पुनःपुन्हा पाहतो.