हरले तर कोटा, जिंकले तर देश

खेळात जात-वर्ण काही नसते, फक्त गुणवत्ता असते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. हे ऐकवणारे लोक संघ हरल्यावर काय बोलतात आणि जिंकल्यावर काय बोलतात, एवढे नीट ऐकले तरी त्यातले खरे-खोटे कळते. आम्ही ते एका विश्वचषकात सहा आठवडे ऐकले. क्रिकेटच्या नव्हे, रग्बीच्या.

आम्ही दोघे मित्र नांदेड जिल्ह्यातले. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेलो. २०१९ मध्ये कामानिमित्त काही महिने जोहान्सबर्गला होतो. रग्बीतले आम्हाला ओ की ठो कळत नव्हते. पण त्या देशात रग्बी न कळून चालत नाही. सोमवारी ऑफिसात पहिला विषय तोच.

२१ सप्टेंबरला जपानमधल्या योकोहामाला दक्षिण आफ्रिका पहिलाच साखळी सामना न्यूझीलंडकडून २३-१३ असा हरली. तीन दिवसांनी, २४ तारखेला, तिकडे हेरिटेज डेची सुट्टी असते. त्या दिवशी लोक अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजतात, त्याला ब्राय म्हणतात. एका गोऱ्या सहकाऱ्याने सगळ्या ऑफिसला घरी बोलावले होते. निखाऱ्यांभोवती चर्चा रंगली. कोण कुठे चुकला, न्यूझीलंडला मोकळी जागा कशी मिळाली, असे चालले होते. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "कोट्यातला कर्णधार असल्यावर दुसरे काय होणार?"

सगळे हसले. आमच्या प्रोजेक्टवरचा पुण्याचा एक सहकारी उत्साहाने म्हणाला, "आमच्याकडेही हेच. रिझर्व्हेशनने देशाची वाट लावली." आणि दुजोऱ्यासाठी त्याने आमच्याकडे पाहिले. आमची आडनावे त्याला कळण्यासारखी नव्हती. आम्ही दोघेही ताटातल्या मक्याच्या कणसाकडे पाहत राहिलो. बोललो नाही. त्या गप्प बसण्याची लाज आजही वाटते, म्हणूनच हा लेख.

ज्याच्याबद्दल हे बोलले गेले तो सिया कोलिसी. जन्म १६ जून १९९१, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे वस्तीतला. माणसांची वर्णानुसार नोंद करणारा कायदा दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने रद्द केला तो १७ जूनला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. आजीने वाढवलेले, अनेकदा उपाशी झोपलेले हे पोर. बाराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळून चांगल्या शाळेत गेले. २००७ चा विश्वचषक अंतिम सामना त्याने वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात पाहिला, कारण घरी टीव्ही नव्हता. २०१८ मध्ये तो राष्ट्रीय कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. त्याच दिवसापासून "हा गुणवत्तेवर आला का?" हा प्रश्न त्याच्या मागे लागला. त्याच्याआधीच्या डझनावारी गोऱ्या कर्णधारांना तो कोणी विचारला नव्हता.

आता हा कोटा म्हणजे काय ते पाहू. २०१९ पर्यंत राष्ट्रीय संघात निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय असावेत, असे उद्दिष्ट तिथल्या रग्बी मंडळाने मान्य केले होते. अंतिम सामन्यात पहिल्या पंधरांत उतरले सहा. म्हणजे नऊ जागा गोऱ्यांच्या. देशाच्या लोकसंख्येत गोरे दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. दहा टक्क्यांहून कमी लोकांना पंधरापैकी नऊ जागा, आणि कोट्याचा आरोप उरलेल्या सहांवर! मग खरा कोटा कोणाचा? जो कागदावर लिहिलेला असतो तो कोटा दिसतो. जो शाळांत, हिरवळीच्या मैदानांत, ओळखीपाळखीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो, त्याला गुणवत्ता म्हणतात.

२०१५ च्या विश्वचषकात याच देशाला जपानने ३४-३२ असे हरवले होते. रग्बीतला तो सर्वांत मोठा धक्का मानला जातो. त्या दिवशी सुरुवातीच्या पंधरांत बहुसंख्य गोरे होते. "गोऱ्यांच्या गुणवत्तेने घात केला" असे कोणी म्हटल्याचे आम्हाला तरी सापडले नाही.

ऑफिसची गाडी चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, इस्टर्न केपमधले खोसा. आम्ही त्यांना 'ताता' म्हणायचो. खोसा भाषेत ताता म्हणजे वडील. रग्बी खरी आम्हाला त्यांनी शिकवली. काळ्यांना रग्बी अलीकडे शिकवली, ही समजूत त्यांनी पहिल्याच दिवशी मोडून काढली. इस्टर्न केपच्या मिशनरी शाळांतली काळी मुले एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळत आली आहेत. पण राष्ट्रीय संघाची हिरवी जर्सी अंगावर चढायला १९८१ उजाडले. तो पहिला खेळाडू एरोल टोबियास. गोऱ्यांच्या राजवटीत प्रेक्षकांतही भेद होता. काळ्यांना वेगळ्या कुंपणात बसवायचे. ते तिथे बसून पाहुण्या संघासाठी ओरडायचे. "माझा बाप मरेपर्यंत न्यूझीलंडचा होता," ताता म्हणाले. केपटाऊनमध्ये आजही न्यूझीलंडच्या बाजूने ओरडणारे असे चाहते आहेत. त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे आहे. देशाने त्यांना कुठे बसवले होते, हे विचारणे अवघड आहे.

न्यूझीलंडही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९६० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर माओरी खेळाडूंना वगळून संघ पाठवला, यजमान रागावू नयेत म्हणून. १९७० मध्ये माओरींना नेले ते 'मानद गोरे' ठरवून. माणसाला माणूस न म्हणता मानद सवर्ण म्हणून आत घेण्याची ही रीत आम्हाला परकी वाटली नाही. पण त्याच देशात १९८१ मध्ये गोऱ्या नागरिकांनीही हॅमिल्टनच्या मैदानात घुसून वर्णभेदी आफ्रिकेचा सामना बंद पाडला. आपल्याच खेळावर प्रेम असणाऱ्यांनी तो सामना रोखला. याला आम्ही खरे चाहते म्हणतो.

२ नोव्हेंबरला अंतिम सामना होता, इंग्लंडविरुद्ध. तो आम्ही तातांबरोबर सोवेटोत पाहिला. सकाळी अकराची वेळ, पण पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्लंडचेच पारडे जड मानले जात होते. पण मटावारिरा आणि त्याच्या साथीदारांनी स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून होणाऱ्या रेटारेटीत, त्यांना मागे ढकलले. पोलार्डच्या किकांनी गुण वाढत गेले. मग माकाझोले मापिम्पीने रेषेपलीकडे चेंडू टेकवला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने केलेला तो पहिलाच ट्राय. १९९५ आणि २००७ ला कप जिंकूनही कोणाला ते जमले नव्हते. मापिम्पी इस्टर्न केपच्या खेड्यातला, कोणत्याही नावाजलेल्या शाळेत न गेलेला. पाठोपाठ चेस्लिन कोल्बेने दुसरा ट्राय केला. ३२-१२. ताता रडत होते. "बाप असता तर आज कोणाच्या बाजूने ओरडला असता?" एवढेच म्हणाले.

सोमवारी ऑफिसात सगळे हिरव्या जर्सीत आले होते. "आपण जिंकलो", "हा देशाचा विजय." कोटा हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. चहाच्या वेळी आम्ही विचारले, "परवा कोटा जिंकला की देश?" ब्राय देणारा सहकारी ओशाळून हसला. पुण्याचा सहकारी म्हणाला, "विषय कशाला काढता?" तेव्हा आम्ही सांगितले, "कारण आम्हीही कोट्यातलेच आहोत."

तो गडबडला. म्हणाला, "अरे, मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत. तुम्ही वेगळे आहात."

हे वाक्य वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल. चांगले काम केले की आपण 'वेगळे' ठरतो, चुकलो की आपला सगळा समाज चुकतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खुद्द कोलिसीने त्या विश्वचषकाच्या काही महिने आधी एका मुलाखतीत म्हटले होते की, मंडेलांनी कोट्याला पाठिंबा दिला असता असे त्याला वाटत नाही. कोट्याचे विरोधक हे वाक्य फार आवडीने सांगतात. पुढचे सांगत नाहीत. सुरुवात वस्त्यांतून आणि खेड्यांतून करा, आपल्याला ती शाळा मिळाली नसती तर पोटभर खायलाही मिळाले नसते, शरीरही वाढले नसते, असे तो पुढे म्हणतो. म्हणजे दार उघडावे लागते हे तोही मान्य करतो. मतभेद आहे तो दार कोणत्या वयात उघडायचे याबद्दल. आमचे म्हणणे एवढेच की, खालची दारे उघडेपर्यंत वरचे दार बंद ठेवता येणार नाही. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते १९१३ मध्ये कोलंबियाला पोहोचले. ती त्यांच्या गुणवत्तेला पर्याय नव्हती. गुणवत्तेला मिळालेली ती वाट होती. बाळू पालवणकरांसारखा गोलंदाज असूनही हिंदूंच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आले. बाळूंच्या गुणवत्तेत काय कमी होते, हे गुणवत्तावाद्यांनी सांगावे.

२०२३ मध्ये कोलिसीच्याच नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने पुन्हा कप जिंकला. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले. त्यातला एखादा गुण इकडचा तिकडे झाला असता, तर तोच जुना शब्द पुन्हा निघाला असता. माणसाची बरोबरी एका गुणावर टांगलेली असेल तर ती बरोबरी नव्हेच. ज्या दिवशी कृष्णवर्णीय कर्णधाराचा संघ हरेल आणि चाहते फक्त त्याच्या डावपेचांवर भांडतील, त्या दिवशी आम्ही म्हणू की खेळात वर्ण नसतो.

तोपर्यंत एवढे तरी करू. पुन्हा कोणी आपल्यासमोर ते वाक्य बोलले, तर ताटाकडे पाहत बसायचे नाही.