विगल, वॅगल, वॉबल



इंग्रजीतले हलण्याडुलण्याचे काही शब्द असे आहेत की नुसते म्हणतानाच गुदगुल्या होतात. विगल, वॅगल, रिगल, वॉबल. माझी सहा वर्षांची नात लेस्टरला असते. व्हिडिओ कॉलवर ती मला हे शब्द शिकवते आणि बदल्यात माझ्याकडून चुळबुळ, वळवळ, डुगडुग घेते. व्यवहार रोखीचा!

कुत्र्याची शेपटी हलते ते वॅग. त्याच्या शेवटी 'ल' जोडला की वॅगल, म्हणजे तेच हलणं पुन्हा पुन्हा. आपण त्यासाठी दुडूदुडू, लुटूलुटू असा अख्खा शब्द दोनदा म्हणतो. त्यांचं एका 'ल'वर भागतं. बी.कॉम. झालेल्या बाईला ही काटकसर आवडणारच.

तिला त्रस जीव समजावायचे होते. द्वीन्द्रिय, चतुरिन्द्रिय म्हटलं की पोरगी जांभया देते. मग तिच्याच शब्दांत सांगितलं. रिगल करणारं गांडूळ, दोन इंद्रियांचं. शेपटी वॅग करणारा कुत्रा, पाच इंद्रियांचा. मधमाशीच्या तर एका नाचाचंच नाव वॅगल डान्स! दूरवर फुलं सापडली की ती पोळ्यावर येऊन पोट हलवत सरळ धावते. ही धाव जितका वेळ चालते तितकी फुलं लांब, आणि धावेच्या कलावरून सूर्य धरून कोणीकडे जायचं ते बाकीच्या माश्यांना कळतं. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. मध आपल्याला वर्ज्य, पण चार इंद्रियांच्या त्या जिवाची हुशारी ऐकायला काय हरकत आहे? मुंगीसाठी मात्र असा शब्द आम्हाला मिळाला नाही. तीन इंद्रियांची जागा अजून रिकामी आहे.

सगळं ऐकून नात म्हणाली, "आजी, जेली पण वॉबल करते. मग ती त्रस?"

तिकडे वाढदिवसाला जेली असतेच, आणि ती बहुधा जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांची. सून मागून हातानेच 'नको' म्हणत होती. सहा वर्षांच्या मुलीला किती सांगायचं? मी एवढंच म्हटलं, "जेली जिवंत नाही गं. पण ती ज्याच्यापासून केली, तो होता."

ती बराच वेळ गप्प बसली. सून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

यंदाच्या वाढदिवसाला घरी मक्याच्या पिठाचं पुडिंग झालं. ते नीट वॉबल होत नाही, अशी नातीची तक्रार आहे.