मुखदर्शनाची रांग

कर्नलमध्ये लॉक कमी करायचा म्हटलं की बरेच जण आधी लॉक जलद कसा करता येईल ते पाहतात. मी आधी विचारतो, हा लॉक मागणाऱ्यांपैकी किती जणांना तो खरंच लागतो? लिनक्समध्ये फाइल उघडण्याच्या वाटेवर काम करताना ही सवय अंगवळणी पडली.

फाइल उघडायची म्हणजे मुळापासून एकेक डिरेक्टरी ओलांडत शेवटच्या नावापर्यंत जायचं. सापडलेली नावं कर्नल डीकॅशमध्ये ठेवतो. एके काळी या कॅशवर एकच मोठा लॉक होता. 2011 साली आलेल्या 2.6.38 मध्ये निक पिगिन यांच्या कामामुळे तो गेला. तेव्हापासून नावं कॅशमध्ये असली की आरसीयू या लॉकशिवाय वाचू देणाऱ्या यंत्रणेच्या आधारानं, एकही लॉक न घेता ही वाट चालता येते. मध्येच कुणी नाव बदललं तर त्या नावाच्या कॅशमधल्या नोंदीवरचा, म्हणजे डेंट्रीवरचा, सिक्वेन्स क्रमांक बदललेला दिसतो आणि कर्नल जुन्या, सावध पद्धतीनं पुन्हा चालू लागतो. इतका देखणा कोड मी फार थोडा वाचला आहे.

अडचण उरली होती शेवटच्या पावलावर. ‘नसेल तर तयार कर’ सांगणारा ओ_क्रिएट हा फ्लॅग दिला, की फाइल आधीपासून असली तरी कर्नल त्या डिरेक्टरीचा लॉक लिहिण्यासाठी, म्हणजे एकट्यासाठी, घ्यायचा. पंढरपुरात मुखदर्शनाला आलेल्यालाही पदस्पर्शाच्या रांगेत उभं करावं, तसं. आणि हा फ्लॅग सगळीकडे असतो: शेलमधलं ‘>>’ तो देतं, सी भाषेत अपेंड मोडमध्ये फाइल उघडली तरी तो जातो. शेकडो थ्रेड एकाच डिरेक्टरीतल्या लॉग फाइल उघडू लागले, की पर्फ या मोजमापाच्या साधनाच्या अहवालात सगळ्यात वर आरडब्ल्यूसेमची, म्हणजे याच लॉकची, फंक्शन्स यायची. कोअर नुसते फिरत बसलेले असायचे, डिस्क निवांत.

2024 च्या 6.12 मध्ये जेफ लेटन यांच्या पॅचनं हे बदललं. आता ओ_क्रिएट असला तरी आधी कॅशमध्ये डोकावायचं. फाइल तिथे सापडली तर लॉक नाहीच. ‘अशी फाइल नाही’ अशी निगेटिव्ह डेंट्री मिळाली तर ती बाजूला ठेवून लॉकच्या वाटेनं जायचं, कारण आता खरोखरच फाइल तयार करायची आहे. सोबत ‘नसेल तरच तयार कर’ सांगणारा ओ_एक्सक्ल असेल तर डोकावण्याच्या फंदातच पडायचं नाही. मला या पॅचचं मोल वाटतं ते इथे: सूट नेमकी कुणाला द्यायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

सगळे थ्रेड एकच फाइल उघडत असतील तर मात्र तिच्या डेंट्रीचा रेफरन्स काउंट अजून आड येतो. लॉकरेफ या रचनेनं डेंट्रीचा लॉक आणि काउंट 8 बाइटांत एकत्र बसवून तो भार हलका केला, पण ती कॅशलाइन शेवटी एकच.

तुमचा सर्व्हर 6.12 च्या आधीच्या कर्नलवर असेल आणि फाइल जागेवर आहे याची खात्री असेल, तर उघडताना ओ_क्रिएट देऊ नका.