आधी खड्डा, मग राफ्ट

नाशिक

चि. सौ. मेघनास,

तुझ्या सासूबाईंसाठी मागच्या अंगाला बारा बाय पंधराची खोली काढायची आहे, आणि ठेकेदार म्हणतो, "राफ्ट टाकू, निश्चिंत राहा." सोबत त्याने चौरस फुटाचा एकच दर कागदावर लिहून दिलाय. राफ्टला माझी ना नाही. पण जमिनीत फावडं घालण्याआधी पाया ठरवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याच्या चौरस फुटी दरावर तर मुळीच नाही.

परभणीची काळी माती तुला मी काय सांगू? उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जुने लोक शेती काळीत करत आणि गाव पांढरीवर वसवत, ते उगाच नव्हे. आता वस्त्या शेतात सरकल्या, तुमचं घरही तसंच.

राफ्ट म्हणजे खोलीखाली सलग आरसीसीचा स्लॅब. भार चार कॉलमखाली न एकवटता सगळ्या जागेवर पसरतो, म्हणून कमजोर जमिनीत तो उपयोगी. पण तुमच्या इथे खोली खचण्यापेक्षा उचलली जाण्याची भीती जास्त. एकमजली खोली हलकी असते, आणि फुगणारी माती तिला जुमानत नाही. कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. नुसता सपाट, पातळ स्लॅब असेल तर कडा वर येतात आणि तो तडकतो. म्हणून राफ्टला बीम हवेत आणि खाली मुरमाची जाड भरणी हवी. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली, ती कालव्यांच्या कामात वापरली गेली. आपल्याला कालवा बांधायचा नाही, पण काळी काढून तिच्या जागी न फुगणारं काही भरायचं, हे तत्त्व घरालाही लागू पडतं.

तेव्हा आधी जुन्या भिंतीपासून लांब, आठ-दहा फूट खोल खड्डा घ्यायला सांग. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागला, तर राफ्टचा विचार सोडून दे. मुरमावर फुटिंग टाकली की काम स्वस्तात होतं. काळी खाली खोलवर गेली, तर राफ्ट किंवा अंडररीम्ड पाइल. रुडकीच्या सीबीआरआयने या मातीसाठी विकसित केलेले ते पाइल साधारण साडेतीन मीटर खाली, ओलावा फारसा बदलत नाही तिथवर जातात आणि तळाशी फुगीर असल्याने वर उचलले जात नाहीत. पण एका खोलीसाठी ते करणारा माणूस तुमच्या भागात मिळतो का, ते पाहावं लागेल. मातीचा नमुनाही तपासून घे. ‘फ्री स्वेल’ची चाचणी साधी असते आणि तिचा खर्च एकूण कामात कुठे दिसणारही नाही.

वाढीव खोलीत राफ्टचा आणखी एक फायदा आहे, तो ठेकेदाराने सांगितलेला दिसत नाही. जुन्या भिंतीला चिकटून कॉलम उभा करायचा, तर त्याची फुटिंग भिंतीखाली घुसवता येत नाही. कॉलम फुटिंगच्या कडेवर येतो आणि ती कलते. राफ्टमध्ये ही अडचण बरीच सुटते. मात्र त्या बाजूची खोदाई जुन्या पायाच्या तळाखाली जाऊ देऊ नकोस, आणि सगळी भिंत एकदम उघडी पाडू नकोस. चार-चार फुटांचे टप्पे करून काम करायला सांग.

आता पैशाचं. भाव मी सांगत नाही, ते तुझ्या गावचे तूच विचार. मी मापं सांगतो. तीन मोकळ्या बाजूंना फूटभर बाहेर काढलेला राफ्ट सतरा बाय तेरा, म्हणजे २२१ चौरस फूट होतो. ८ इंच जाडी आणि बीम धरून काँक्रीट साधारण साडेपाच घनमीटर, एम-२० ला सिमेंट ४४ पोती. वर-खाली १० मिलिमीटरची जाळी आणि बीमची सळई मिळून लोखंड अर्ध्या टनाच्या आसपास. अडीच फूट मुरूम ठोकून भरायचा तर सैल मापाने आठ-साडेआठ ब्रास लागेल. ही कच्ची मापं. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घे. त्याची फी जड वाटेल, पण लोखंड किती हे ठेकेदाराने ठरवण्यापेक्षा ती परवडते.

चौरस फुटी दरात लपतो तो मुरूमच. खणलेली नऊ ब्रासहून जास्त काळी माती उचलून न्यायला ट्रॉलीचं भाडं पडतं, म्हणून ती पुन्हा पायात ढकलायचा मोह होतो. मोजमाप खड्ड्यातच घे, भरल्यावर नव्हे. शेतकरी ती माती नेत असतील तर आनंदाने देऊन टाक. मुरूम वीत-वीतभर थरांत, पाणी मारून, धुम्मसने किंवा कॉम्पॅक्टरने ठोकलेला हवा. वरून पंधरा टक्के रक्कम हाताशी ठेव. आणि वर कधी मजला चढवायचा असेल तर आत्ताच ठरवा. नंतर राफ्ट जाड करता येत नाही.

सगळ्यात कळीची गोष्ट: नवी खोली जुन्या घराला जोडू नका. जुनं घर बसून गेलंय, नवं अजून हलणार. जुन्या कॉलमला भोकं पाडून सळया घालायचा हट्ट ठेकेदार करेल, ऐकू नकोस. मध्ये इंचभर सांधा ठेव, थर्माकोल भरून वरून पट्टी लाव. पाण्याचा पाइप तिथून नेताना लवचीक जोड दे. भोवती चार-पाच फूट रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला उतार, छताचं पाणी पन्हळीतून लांब. बाथरूमचा चेंबर भिंतीजवळ नको.

परवानगीचं जावईबापू बघतीलच. मागच्या कडुलिंबाचं काय करायचं ते मात्र ठरव. त्याची मुळं उन्हाळ्यात माती कोरडी करतात आणि तोडला तर तीच माती पुन्हा फुगते. खोलीपासून तो किती लांब आहे ते मोज, आणि खड्डा घेतलास की टेप लावून त्याचा फोटो पाठव. मगच ठेकेदाराला आगाऊ रक्कम दे.

तुझा,
मामा