उठून जाण्याची मुभा

कुडाळ सोडून गोव्याच्या वाटेला लागलं की लगेच पिंगुळी येतं. इथल्या गुढीपूरच्या ठाकरवाडीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा-हुडुकाच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचं, ही ठाकरांची परंपरा. सावंतवाडीच्या राजघराण्यानं तिला आश्रय दिला. पण रात्रभर श्रोते बसत ते आवडीनं. पुढे करमणुकीची नवी साधनं आली, श्रोते उठून गेले आणि पोथ्या बासनात राहिल्या.

पिंगुळीहून तासाभरात बांदा ओलांडून गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी येते. 1961 पर्यंत इथून पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राज्य होतं. 1936 मध्ये त्यानं ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना काढली. पोर्तुगालमध्ये सात ते चौदा वर्षांच्या मुलांना ती सक्तीची होती. हिरवा सदरा, कवायत, पट्ट्याच्या बक्कलावर ‘एस’ हे अक्षर. 1939 मध्ये तिचा विस्तार वसाहतींत झाला आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या अंगावरही तो गणवेश चढला. पोर्तुगालच्या थोरवीची एकच गोष्ट, आणि ती ऐकणाऱ्याला उठायची मुभा नाही!

ज्यांना हा गौरव गायला लावला, त्यांनाच 1930 च्या वसाहत कायद्यानं दुय्यम ठरवलं होतं. सभेला बंदी, छापील मजकुरावर सेन्सॉर. पोर्तुगीज न शिकलेल्या, मराठी शाळेतल्या मुलाला सरकारी नोकरीचं दार बंदच. अशाच मुलांना शिकवायला सांगलीचे मोहन रानडे गोव्यात गेले आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. 1955 मध्ये ते पकडले गेले, त्यांना 26 वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटले 1969 मध्ये. त्याच 1955 च्या 15 ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबचे कर्नेलसिंग इथेच हुतात्मा झाले.

1974 मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली, तशी मोसिदादही बरखास्त झाली. सक्ती संपल्यावर तिची गोष्ट सांगायला कुणी थांबलं नाही. पिंगुळीच्या ठाकरांनी मात्र रिकाम्या मांडवाचं दुःख सोसलं, तरी श्रोत्याला कधी बांधून ठेवलं नाही. गोष्टीची खरी किंमत मला या फरकातून कळते. मुलांना कोकणात आणाल तेव्हा पिंगुळीत एक आख्यान जरूर दाखवा आणि पुढे पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापर्यंतही न्या. आपल्याला न पटणारी गोष्ट अर्ध्यावर सोडून उठता येतं, हा हक्क कुणीतरी मिळवून दिला आहे, हे त्यांना तिथे सांगा.