'व्हिडिओ एडिट केलेला आहे' म्हणणाऱ्यांना विजेचे उत्तर

अत्याचाराच्या प्रकरणात आपल्या माणसाची साक्ष मोडून काढण्याची रीत जुनीच आहे. 'सगळे एकाच वस्तीचे, एकाच समाजाचे, हितसंबंधी साक्षीदार' एवढे म्हटले की काम भागत असे. मग वस्तीतल्या पोरांच्या हातात मोबाईल आला. आता तरी पुरावा बोलेल असे वाटले, तर नवे वाक्य तयार होते: 'व्हिडिओ एडिट केलेला आहे.'

पीडित कुटुंबांसोबत कोर्टात जाणे हे माझ्या कामाचा भाग आहे. एका प्रकरणात समाजमंदिराच्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओवर समोरच्या वकिलांनी हाच आक्षेप घेतला. मार खाल्लेला पोरगाच उलटतपासणीत आरोपीसारखा उभा होता. 'हे त्याच रात्रीचे कशावरून?' या प्रश्नावर 'मी तिथे होतो' याखेरीज त्याच्याकडे उत्तर नव्हते. कोणाचे म्हणणे खरे धरायचे हे म्हणणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर ठरते, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. कोर्टात ते डोळ्यांनी दिसते.

त्या प्रश्नाचे एक उत्तर मात्र त्या ट्यूबलाइटमध्येच असू शकते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त उजळतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र त्याची पुसट खूण उतरते. आणि ही 50 ची संख्या कधीच अगदी स्थिर नसते. विजेची मागणी वाढली की ती किंचित घसरते, मागणी घटली की किंचित चढते. हा चढउतार एका ग्रिडवर सगळीकडे एकाच वेळी सारखाच होतो आणि तो जसाच्या तसा पुन्हा होत नाही. त्याची नोंद ठेवलेली असेल, तर व्हिडिओतली लुकलुक त्या नोंदीशी जुळवून चित्रण कधीचे आहे आणि मधला तुकडा कापला आहे का, हे तपासता येते.

लंडनच्या पोलिसांची प्रयोगशाळा 2005 च्या सुमारापासून विजेची अशी अखंड नोंद ठेवत आली आहे. बेकायदा शस्त्रविक्रीच्या एका खटल्यात आरोपींनी 'ध्वनिमुद्रणात फेरफार केला' असे म्हटले, तेव्हा त्यात उतरलेली विजेची गुणगुण या नोंदीशी ताडून पाहिली गेली आणि मुद्रण अखंड ठरले. व्हिडिओतल्या दिव्यांच्या लुकलुकीवरून हेच करता येते, हे अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये मांडले.

आपल्याकडे 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले. तेव्हापासून मुख्य भूमीवर एकच ग्रिड आहे. गावकुसाबाहेरची ट्यूबलाइट आणि मंत्रालयातला दिवा एकाच लयीत लुकलुकतात. वीज जात विचारत नाही.

कायदा काय मागतो? कागद. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर आला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. सगळे प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तरच सूट दिली. तिथे वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. विधानसभेच्या उमेदवाराची ही गत, तर वस्तीतल्या बाईला कोण दाद देणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्रासोबत फाइलचे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढेच त्यातून कळते. त्याआधी काय झाले, हे हॅश सांगत नाही. ते शोधायला चित्रणाच्या आतच पाहावे लागते.

मर्यादाही समजून घ्या. उन्हातल्या चित्रणात, इन्व्हर्टर किंवा जनरेटरच्या उजेडात ग्रिडची खूण नसते. काही एलईडी दिवे जवळजवळ लुकलुकत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल दाबली जाते आणि खूण पुसट होते. काही सेकंदांच्या तुकड्यावरून वेळ ठरत नाही, काही मिनिटांचे चित्रण लागते. म्हणून लुकलुक सापडली नाही म्हणजे व्हिडिओ खोटा, असा उलटा अर्थ कोणी काढू लागले तर तिथेच विरोध केला पाहिजे. लोडशेडिंगच्या गावाला त्याची शिक्षा नको.

ही तपासणी सर्वात सोपी कुठे? जिथे कॅमेरा हलत नाही आणि दिवे चालू असतात तिथे. म्हणजे पोलीस ठाण्यात! प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात बजावले. कोठडीतल्या मृत्यूनंतर त्या चित्रणातली दहा मिनिटे 'नसतात', तेव्हा तुटलेली लय ते सांगू शकते.

1943 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज स्वस्त आणि मुबलक असावी असा आग्रह धरला होता. विजेची नोंदही सार्वजनिक हवी. भार प्रेषण केंद्रे वारंवारिता रोज मोजतातच. ती नोंद सेकंदासेकंदाची, कायमची जपलेली आणि फिर्यादी व आरोपी दोघांनाही प्रमाणित प्रत मिळेल अशी ठेवा, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी केली पाहिजे. नुसती पोलिसांच्या हातातली नोंद आपल्या कामाची नाही.

आणि तोवर मोबाईलमधली मूळ फाइल पुसू नका, कापू नका. व्हॉट्सॲपवरची प्रत म्हणजे मूळ नव्हे. मेमरी कार्ड पंचनाम्यात नोंदवून घ्या. तपासून पाहा, मगच स्वीकारा, असे तथागतांनी सांगितले. कोर्टालाही आपण तेवढेच सांगतो आहोत: तपासून पाहा.

जय भीम!