दोन खुणांच्या मध्ये

माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार आहे, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम आदर उमटतो, आणि गाडी पाहिल्याबरोबर तो मावळतो. 'जालना सोन्याचा पालना' अशी आमच्या गावाची ख्याती. बियाण्यांच्या आणि लोखंडी सळयांच्या व्यापारावर इथे पुष्कळांनी पैसा केला आणि त्यांच्या दारात मोठमोठ्या मोटारी उभ्या आहेत. माझी गाडी त्यांच्या पंगतीत बसणारी नव्हे. तिचे नाव सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ही गाडी तयार होऊ लागली. दोनच माणसांची जागा, फायबरचे अंग, वर कापडी टप आणि पोटात रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. शर्यतीत पहिली यावी असे तिच्यात काही नाही. पण टप उघडून संध्याकाळी अंबड रस्त्याला निघालो की मोसंबीच्या बागांवरून येणारा वारा जसा तिच्यात बसून खाता येतो, तसा बंद मोटारीत खाता येत नाही. आता ही गाडी निघत नाही. सुटे भाग मिळवायचे म्हणजे चार गावी चौकशी करावी लागते. म्हणून मी तिला जपतो. फार जपतो. आणि तिथेच तर सगळा घोटाळा झाला!

गेल्या दिवाळीची गोष्ट. चिरंजीव नागपूरहून येणार होते. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर आम्हांला जवळ आले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तर सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. पण रस्ता जवळ आला म्हणून माणसे जवळ येतातच असे नाही. गणपतीत टेलिफोनवर आमची थोडी चकमक झाली होती. मी रोज सकाळी, दुपारी आणि रात्री त्याला फोन करीत असे. जेवलास का, कचेरीत कसे चालले आहे, बढतीचे काय झाले, पैसे पाठवू का. तो नको म्हणाला तरी मी पाठवीत असे. एके रात्री तो म्हणाला, "बाबा, सारखं विचारू नका हो! मी काय कुक्कुळं बाळ आहे?" मला ते लागले. त्यानंतर बोलणे झाले, पण हवापाण्याचे. तेव्हा दिवाळीत त्याला गाडीत शेजारी बसवायचे, राजूरच्या गणपतीला न्यायचे आणि मनातली अढी काढून टाकायची, असा बेत मी मनोमन योजून ठेवला होता.

वसुबारसेच्या सकाळी मी बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढून पाहिली. वाचकांपैकी ज्यांनी ही पट्टी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : ती एक लांब पातळ सळई असते आणि तिच्या टोकाशी दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्या खाली जाऊ नये आणि वरच्या खुणेच्या वर चढू नये, इतकाच तिचा उपदेश. बहुतेक मोटारींत या दोन खुणांमधले अंतर म्हणजे सुमारे एक लिटर तेल. आमच्या पट्टीला त्या दिवशी तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसले. माझ्या काळजात धस्स झाले. मी अर्धा लिटर तेल ओतले आणि लगेच पट्टी बुडवून पाहिली. तरी कमीच! मी आणखी अर्धा लिटर ओतले. मग हात पुसून, एखाद्या भुकेल्याला पोटभर जेवू घातल्याच्या समाधानाने, पणत्या आणायला गाडीतूनच बाजारात निघालो.

कुंडलिकेचा पूल ओलांडून परत येईपर्यंत गाडीच्या मागून निळसर धूर येऊ लागला. जळक्या तेलाचा वास सुटला. कसाबसा घरी पोहोचलो आणि आमच्या मिस्त्रीला फोन लावला. सगळा मोहल्ला त्याला चाचा म्हणतो. त्याने दोनच प्रश्न विचारले : तेल किती टाकलं, आणि गाडी कुठं उभी होती? मी सांगितले. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "सर, आता चावीला हात लावू नका. मी येतो."

अर्ध्या तासात तो आला. आल्या आल्या त्याने गाडीकडे न पाहता आमच्या पडवीपुढच्या उतरणीकडे पाहिले. गाडी तिथे नेहमी तोंड वर करून उभी असते. "इथंच चुकलं, सर," तो म्हणाला. "गाडी तिरपी, तं तेल बी तिरपं. पट्टी खोटं बोलली नाही, तुम्ही तिला खोट्या जागी विचारलं." आम्ही दोघांनी गाडी ढकलून सपाट रस्त्यावर आणली. मग तो ओट्यावर बसला आणि त्याने बिडी पेटवली. मला घाई झाली होती; पण त्याने हात वर करून मला थांबवले. वर चढलेले तेल खाली तळाच्या टाकीत उतरायला वेळ लागतो, दहा मिनिटे तरी द्यायलाच हवीत, हे त्याने सांगितले. ओतल्या ओतल्या पट्टी पाहिली हा माझा दुसरा गुन्हा. दहा मिनिटांनी त्याने पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते.

"पण चाचा," मी म्हणालो, "तेल जास्त झाल्याने काय बिघडतं? इंजिनाला तेल तर हवंच ना?"

एवढ्यात सौभाग्यवती चकल्यांचे झारे हातात घेऊनच बाहेर आल्या. "अहो, कढईत काठोकाठ तेल घालतं का कुणी? चकली सोडली की उतू जातं आणि चूल पेट घेते!"

चाचा हसला. "बाईंनी बरोबर सांगितलं," तो म्हणाला, आणि त्याने मला आतली गोष्ट समजावून दिली. इंजिनाच्या तळाशी तेलाचे टाके असते आणि त्याच्या वर क्रँक नावाचा वाकडातिकडा दांडा फिरत असतो. रस्त्यावर वेगात असताना इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे झाले, तर तो दांडा एका सेकंदात ५० वेळा फिरतो. तेल मापात असेल तर तो तेलाच्या वर राहतो. तेल वर चढले की तो त्यात बुडतो आणि रवीने ताक घुसळावे तसा ते घुसळू लागतो. फेस होतो. पंप मग तेलाऐवजी हवा मिसळलेला फेस वर पाठवतो. आणि फेसाला वंगण होता येत नाही. जिथे धातूवर धातू घासू नये म्हणून तेलाचा पातळ पापुद्रा हवा, नेमका तिथेच तो तुटतो. आत दाब वाढून सील गळू लागतात, तेलाची वाफ श्वासाच्या नळीतून इंजिनात शिरून जळते. तोच निळा धूर. जास्त तेलाने शेवटी होते काय, तर तेल नसल्यासारखेच इंजिन झिजते!

"कमी झालं तं इंजन ओरडतं, सर," चाचा म्हणाला. "दिवा लागतो, आवाज येतो. जास्त झालं तं पयल्यांदा काहीच बोलत नाही. आतल्या आत फेसाळतं."

हे वाक्य मला का लागले ते त्याला कळण्याचे कारण नव्हते.

खालचा बोल्ट सैल करून तेल सोडायचे, असे मला वाटले होते. त्याने मान हलवली. त्या वाटेने तेल एकदम येते, हवे तेवढेच काढणे जमत नाही, हात भाजायची भीती. त्याऐवजी त्याने पिशवीतून ढोरांच्या औषधाची ५० मिलिलिटरची मोठी पिचकारी आणि तिला जोडलेली बारीक नळी काढली. पट्टीच्या वाटेने नळी आत सोडली आणि तेल ओढू लागला. एक पिचकारी, दोन पिचकाऱ्या. दहा झाल्यावर थांबला, पट्टी पाहिली. आणखी दोन. पुन्हा पाहिले. आणखी दोन. चौदाव्या पिचकारीला तेल वरच्या खुणेशी येऊन टेकले. चौदा पन्नासे सातशे. म्हणजे माझ्या एक लिटरातले तीनशे मिलिलिटरच काय ते गाडीला हवे होते. ते नसते घातले तरी तिचे काही अडले नव्हते. तेल दोन खुणांच्या मध्ये सुखात होते. उरलेले सातशे माझ्या प्रेमाचे!

"ओतायला दोन मिनिटं लागली असतील," मी म्हणालो.

"आन्‌ काढायला तास," तो म्हणाला. मग त्याने सील पाहिले, प्लग काढून पुसले आणि बजावले, की दहा-वीस किलोमीटर सावकाश चालवा, पुन्हा सपाट जागी थांबून पट्टी पाहा, खाली थेंब पडतो का पाहा. मजुरी शंभर रुपये सांगितली. मी दोनशे पुढे केले. त्याने एक नोट परत माझ्या हातात ठेवली. "जास्ती नको, सर. आत्ताच तं शिकलात."

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला आणि आम्ही बापलेक राजूरला निघालो. भोकरदनच्या वाटेवरचे हे गणपतीचे स्थान जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरवर. टप उघडा होता, थंडी गोड होती. जिभेवर प्रश्न रांगेने उभे होते : बढतीचे काय? पैसे पुरतात का? मी ते गिळले. रस्ताभर आम्ही जेमतेम चार वाक्ये बोललो असू.

राजूरला सपाट जागा पाहून मी गाडी उभी केली. इंजिन बंद केले, बॉनेट उघडले. त्याने पट्टीला हात घातला तेव्हा मी म्हणालो, "थांब. दहा मिनिटं जाऊ दे. खाली उतरू दे सगळं."

आम्ही मडगार्डला टेकून उभे राहिलो. करण्यासारखे काहीच नव्हते. पाच मिनिटे गेली. मग रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, "बाबा, माझी नोकरी जुलैतच गेली."

जुलै! म्हणजे गणपतीत मी बढतीविषयी विचारीत होतो तेव्हा त्याच्या हाती नोकरीच नव्हती. रोज तीन वेळा मी त्याला नेमके तेच विचारीत होतो, जे त्याला सांगवत नव्हते. माझा हात खिशाकडे गेला. तोंडात दहा सूचना गोळा झाल्या : अमक्याला भेट, तमक्याला मी सांगतो. पण डोळ्यांसमोर ती पिचकारी आली. ओतायला दोन मिनिटे, काढायला तास.

"बरं," मी म्हणालो. एवढेच.

मग तो आपणहून सांगू लागला. मित्राबरोबर लहानसे काम सुरू केले आहे. पैसे अजून फारसे येत नाहीत, पण चालेल असे वाटते. आईला आज रात्री तोच सांगणार आहे. मी ऐकत राहिलो. सांगून झाल्यावर त्याने पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. गाडीखाली एकही थेंब नव्हता.

"ठीक आहे का, बाबा?"

"ठीक आहे," मी म्हणालो, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.